चोरी सीमेपलीकडे, विमा अलीकडे : वाहनाचा दावा कुठे अडतो आणि कसा टिकतो

कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात मादन हिप्परगा हे गाव आहे. हा तुरीचा पट्टा. सीमा ओलांडली की अक्कलकोट तालुका आणि दुधनीची बाजारपेठ लागते. इथला शेतकरी घरी एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि कचेरीतला कागद कधी तिसरीतच हाती पडतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने हैदराबाद राज्याचा हा मुलूख कर्नाटकात गेला. परंतु माणसांचे येणे-जाणे, सोयरीक आणि शेतमालाची वाहतूक त्या रेषेपाशी कधी थांबली नाही. गोव्यातील वाचकांनाही हा भाग अगदी परका नाही. अक्कलकोट आणि गाणगापूरच्या दत्तभक्तीच्या वाटेवर गोव्यात नोंदलेली वाहने वर्षभर दिसतात.

समजा, मादन हिप्परग्याच्या एका शेतकऱ्याने तुरीची पोती ट्रॅक्टरने दुधनीला नेली, रात्र झाली म्हणून ट्रॅक्टर नातेवाइकांच्या दारात लावला आणि पहाटे पाहतो तो जागा रिकामी. किंवा फोंड्याचे एक कुटुंब गाणगापूरला मुक्कामी राहिले आणि सकाळच्या आरतीनंतर त्यांना आपली मोटार दिसेना. पहिल्या प्रकरणात वाहन कर्नाटकातले, चोरी महाराष्ट्रात. दुसऱ्यात वाहन गोव्याचे, चोरी कर्नाटकात. विमा कंपनीची शाखा तर तिसऱ्याच शहरात. असा दावा उभा करताना जे प्रश्न पडतात, ते वाहन घराच्या दारातून गेले तरी पडतातच. सीमेवर ते अधिक उघडे पडतात, एवढेच.

सर्वांत आधी पॉलिसीचा कागद काढून पाहावा लागतो. मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा हा त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा असतो. त्यात स्वतःच्या वाहनाची चोरी येत नाही. ती येते ती सर्वसमावेशक पॉलिसीत किंवा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी घेतलेल्या स्वतंत्र पॉलिसीत. नव्या वाहनाबरोबर घेतलेला सर्वसमावेशक विमा संपल्यावर पुढच्या वर्षी ‘पोलिसांनी अडवू नये इतपत’ स्वस्त पॉलिसी घेण्याची सवय ग्रामीण भागात आहे आणि ती शहरातही कमी नाही. अशा मालकाला चोरीनंतर विमा कंपनीकडून काहीही मिळत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. ट्रॉली हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे वाहन असते. तिची नोंदणी वेगळी होते आणि विम्यातही तिचा वेगळा उल्लेख व हप्ता लागतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही एकदम गेली आणि पॉलिसीत फक्त ट्रॅक्टर असला, तर ट्रॉलीची भरपाई मागता येत नाही. दुचाकीचीही अशीच एक अट प्रचलित पॉलिसीत आढळते: केवळ सुटे सामान चोरीला गेले तर भरपाई नाही, ते वाहनासह गेले तरच.

फिर्याद कोणत्या स्थानकात?

वाहन जिथून गेले त्या हद्दीतील पोलीस स्थानकात फिर्याद द्यावी, हा सरळ मार्ग. दुधनीतून ट्रॅक्टर गेला तर अक्कलकोट तालुक्यातील पोलिसांकडे, गाणगापुरातून मोटार गेली तर कर्नाटकातील पोलिसांकडे. प्रत्यक्षात ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून माणसे परत फिरतात आणि त्यात दोन दिवस जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने या उत्तराला जागा ठेवलेली नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस स्थानकात देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. तो पुढे संबंधित स्थानकाकडे वर्ग होतो. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती देता येते. मात्र तशी दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा फिर्याददाराचा हक्क आहे. नोंद करण्यास नकार मिळाल्यास तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. चोरीच्या गुन्ह्याला आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३(२) लागते. पूर्वीचे भारतीय दंड विधानातील कलम ३७९ जुन्या प्रकरणांच्या कागदांवर अजून दिसेल.

फिर्यादीचा मजकूर कर्नाटकात कन्नडमध्ये लिहिला जातो. तो वाचून दाखवण्याचे बंधन पोलिसांवर आहे, पण कन्नड न समजणाऱ्या गोव्याच्या माणसाला त्याचा अर्थ कोण सांगणार? अशा वेळी आपला जबाब मराठीत किंवा इंग्रजीत स्वतः लिहून देणे आणि त्यावर पोच घेणे हिताचे ठरते. पुढे विमा कंपनीचा तपासनीस याच मजकुरातील एकेका शब्दावर बोट ठेवतो. वाहन किती वाजता लावले, कुलूप होते का, चावी कोणाकडे होती, शेवटचे कोणी पाहिले, ही माहिती फिर्यादीत एक आणि दाव्याच्या अर्जात दुसरी असली, तर खरा दावाही संशयाच्या फेऱ्यात सापडतो. नोंदणी क्रमांकाबरोबर इंजिन आणि चासीचा क्रमांक फिर्यादीत असायलाच हवा. चोर पहिली बदलतो ती नंबरप्लेट. वाहनावर फास्टॅग असल्यास त्याच्या संदेशावर लक्ष ठेवावे. चोरीनंतर एखाद्या टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याचा संदेश आला, तर वाहन कोणत्या दिशेने गेले याचा तो पहिला धागा असतो. म्हणून पोलिसांना तो दाखवण्याआधी घाईने फास्टॅग बंद करणे शहाणपणाचे नाही.

उशीर कोणता चालतो, कोणता नाही

पोलिसांना कळवले म्हणजे विमा कंपनीला कळवले, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. पॉलिसीच्या अटींनुसार घटना घडताच कंपनीला लेखी कळवणे आणि चोरीच्या बाबतीत पोलिसांनाही ताबडतोब कळवणे अशी दोन्ही बंधने मालकावर असतात. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून दाव्याचा क्रमांक मिळवणे आणि त्याच दिवशी ईमेल किंवा पोचपावतीसह अर्ज देणे हे पुरेसे आहे. तरीही कंपनीला कळवायला झालेल्या उशिराच्या एकाच कारणावरून देशभरात असंख्य दावे नाकारले गेले आणि हा वाद अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला.

तिथे निकाल लागला तो एका ट्रॅक्टरच्याच प्रकरणात. पंजाबातील गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर २०१० मध्ये चोरीला गेला. त्यांनी त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद दिली. पोलिसांना ट्रॅक्टर सापडला नाही. विमा कंपनीने मात्र आपल्याला ५२ दिवसांनी कळवले, या कारणावरून दावा बंद केला. जिल्हा ग्राहक मंचाने शेतकऱ्याच्या बाजूने निकाल दिला, राज्य आयोगाने तो कायम ठेवला, राष्ट्रीय आयोगाने उलटवला. सर्वोच्च न्यायालयापुढेही अडचण होती: पूर्वीच्या दोन खंडपीठांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. एकाने उशीर हा अटीचा भंग मानला होता, तर २०१७ च्या ओमप्रकाश प्रकरणात दुसऱ्याने खऱ्या दाव्याला तांत्रिक कारणाने नाकारू नये असे म्हटले होते. त्यामुळे प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेले. २४ जानेवारी २०२० रोजी या पीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती भूषण गवई हे या पीठात होते. वाहन चोरीला गेल्यावर मालकाने ताबडतोब फिर्याद दिली असेल, पोलिसांनी तपासाअंती वाहन सापडत नसल्याचा अहवाल दिला असेल आणि कंपनीच्या तपासात दावा खरा आढळला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले या कारणाने दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. अपघातात मोडलेले वाहन कंपनीला लगेच पाहायचे असते. चोरीला गेलेले वाहन पाहायला नसतेच. तेथे पहिली धाव पोलिसांकडेच घ्यायची असते. पुढे ११ फेब्रुवारी २०२२ रोजी जैना कन्स्ट्रक्शन कंपनीच्या ट्रकच्या प्रकरणात, कंपनीला सुमारे पाच महिन्यांनी कळवले असूनही, न्यायालयाने हीच भूमिका घेतली. विमा नियामकाने तर २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावले होते की, टाळता न येणाऱ्या कारणाने झालेल्या उशिरासाठी खरे दावे नाकारू नयेत.

या निकालांचा अर्थ काही जण सोयीने लावतात. माफी आहे ती कंपनीला कळवण्यातील उशिराला. पोलिसांकडे जायला लावलेल्या उशिराला तिचा आधार नाही. ‘आधी आपणच शोधू, गावातलाच कोणी असेल, बोभाटा कशाला’ असे म्हणून चार-आठ दिवस घालवणारा सीमेवरचा शेतकरी याच ठिकाणी आपला दावा दुबळा करतो. सोलापूरकडे नेलेले वाहन आठ दिवसांत कुठल्या कुठे पोहोचलेले असते आणि तपासाची संधी त्यानेच घालवली, असे कंपनी म्हणू शकते.

चावीची गोष्ट

दावा दाखल होताच कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक चावी नाही म्हटले की संशय सुरू होतो: वाहनात चावी राहिली होती का? की मालकानेच ती कोणाच्या हाती दिली? चावी आधीच हरवली असल्यास त्या वेळीच पोलिसांत तक्रार नोंदवून ठेवलेली असावी. चोरीनंतर सांगितलेली हरवलेल्या चावीची कथा कोणाला पटत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर वेगळीच गंमत. काही ट्रॅक्टरांची चावी दुसऱ्यालाही लागते आणि शेतात ती ट्रॅक्टरलाच लटकलेली असते. विम्याच्या अटीप्रमाणे वाहनाची वाजवी काळजी घेणे मालकावर बंधनकारक आहे आणि चावी लावून ठेवणे हा त्या अटीचा भंग ठरू शकतो.

परंतु तेवढ्याने सर्व संपत नाही. ट्रकचालक पत्ता विचारायला खाली उतरला, चावी गाडीतच राहिली आणि तेवढ्यात ट्रक गेला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०२३ रोजी (अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स) दाव्याच्या ७५ टक्के रक्कम देण्यास सांगितले. विमा व्यवहारात याला ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने दावा निकाली काढणे म्हणतात. अटीचा भंग झाला आहे, पण तो इतका मूलभूत नाही की सर्वच रक्कम बुडावी. खासगी म्हणून विमा उतरवलेली जीप भाड्याने चालवताना चोरीला गेलेल्या नितीन खंडेलवाल यांच्या २००८ च्या प्रकरणातही हेच प्रमाण धरले गेले. शेतीच्या ट्रॅक्टरने उसाची किंवा वाळूची भाड्याची खेप करणाऱ्यांना हा निकाल ठाऊक असावा. चावी विसरली असेल तर तसे खरे सांगणे अखेरीस फायद्याचे ठरते. शून्यापेक्षा ७५ टक्के मोठे असतात. आणि खोटे सांगितल्याचे सिद्ध झाले तर उरतो तो शून्यच.

मूलभूत भंग कशाला म्हणतात, हे राजस्थानातील एका बोलेरोने दाखवले. सुशील कुमार गोदारा यांनी नवी बोलेरो घेतली. तिची तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली. कायमची नोंदणी झाली नाही आणि २८ जुलैच्या रात्री जोधपूरमधील अतिथिगृहाबाहेरून ती चोरीला गेली. विमा पूर्ण होता, ६ लाख १७ हजार ८०० रुपयांचा. तरीही ३० सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वैध नोंदणीविना वाहन रस्त्यावर आणणे हा मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. नवे वाहन घेऊन थेट दर्शनाला निघणाऱ्यांनी ती तारीख पाहून घ्यावी.

‘सी’ म्हणजे काय, हे राज्यावर अवलंबून

वाहन सापडले नाही, तर पोलिसांचा अंतिम अहवाल आणि न्यायालयाने तो स्वीकारल्याचा आदेश यांवर दाव्याची अखेरची मदार असते. इथेच सीमेवर एक विचित्र घोळ होतो. महाराष्ट्रात गुन्हा खरा आहे, पण उघडकीस आला नाही, अशा प्रकरणाला ‘ए समरी’ म्हणतात. ‘बी समरी’ म्हणजे खोटी फिर्याद. ‘सी समरी’ म्हणजे गैरसमजातून आलेली, धड खरी नाही नि खोटीही नाही अशी फिर्याद. कर्नाटकात मात्र न उलगडलेल्या गुन्ह्याचा अहवाल ‘सी रिपोर्ट’ म्हणून जातो आणि फिर्याद खोटी ठरल्यास ‘बी रिपोर्ट’. म्हणजे दुधनीतून ट्रॅक्टर गेला तर मालकाला हवा असतो ‘ए’. मादन हिप्परग्यातून गेला तर ‘सी’. पणजी, पुणे किंवा मुंबईतील कार्यालयात कर्नाटकाचा ‘सी’ पाहून कोणी महाराष्ट्राचा अर्थ लावला, तर खऱ्या दाव्यावर विनाकारण प्रश्नचिन्ह लागते. म्हणून अहवालाच्या भाषांतरात अक्षराबरोबर ‘आरोपी व वाहन सापडले नाही’ हे वाक्यही असेल, याची खातरजमा करावी.

हा अहवाल मिळायला महिने लागतात. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्याददाराला कळवण्याचे बंधन नव्या संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर घातले आहे. त्याचा हवाला देऊन लेखी विचारणा करता येते. गोव्याहून कलबुर्गीपर्यंत त्यासाठी चकरा मारणे कोणालाच परवडणारे नसते. तेथील वकिलाकडून न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळवणे अनेकदा स्वस्त पडते.

किती पैसे, कोणाला

भरपाई मिळते ती पॉलिसीवर छापलेल्या घोषित मूल्याइतकी, म्हणजे ‘आयडीव्ही’इतकी. पॉलिसी सुरू होते त्या दिवशीच्या वयानुसार विक्री किमतीतून घट वजा करून ते ठरते: एक ते दोन वर्षांच्या वाहनासाठी २० टक्के, दोन ते तीनसाठी ३०, तीन ते चारसाठी ४०, चार ते पाचसाठी ५० टक्के. त्यापुढे मालक आणि कंपनी यांच्या संमतीने. ८ लाख किमतीची मोटार पॉलिसी घेताना अडीच वर्षांची असेल, तर घोषित मूल्य ५ लाख ६० हजार. त्यातून सक्तीची वजावट, छोट्या मोटारीसाठी सामान्यतः १ हजार रुपये, जाऊन ५ लाख ५९ हजार उरतात. हप्ता वाचावा म्हणून हे मूल्य स्वतःच कमी लिहून घेणारे ग्राहक असतात. त्याचा हिशेब चोरीनंतर कळतो.

कर्ज असल्यास पैसा आधी बँकेकडे जातो. वरच्या मोटारीवर ६ लाख १० हजार रुपये थकले असतील, तर सर्व भरपाई बँक घेते आणि मालकाकडे उरते ५१ हजारांचे देणे. वाहन गेले म्हणून हप्ता थांबत नाही. ट्रॅक्टरचे हप्ते बहुधा पिकाच्या हंगामाला जोडलेले असतात. तुरीची रास घरी येण्याच्या वेळी ट्रॅक्टर गेला, तर भाड्याने दुसरा आणण्याचा खर्च आणि गेलेल्याचा हप्ता एकाच पावसाच्या पिकातून निघावा लागतो. म्हणून दावा दाखल केल्याची प्रत बँकेला त्याच आठवड्यात देऊन हप्त्याची मुदत लेखी मागणे हे दाव्याइतकेच निकडीचे काम आहे.

जुने वाहन घेणाऱ्यांची अवस्था याहून बिकट. सीमाभागात सोलापूरची ‘एमएच १३’ पासिंगची वाहने कलबुर्गीच्या ‘केए ३२’ हद्दीत सर्रास विकली जातात. पैसे दिले, चावी घेतली, कागद ‘नंतर करू’. १९९६ च्या कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विक्रीबरोबर आपोआप हस्तांतरित होतो तो त्रयस्थ विमा. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. प्रचलित नियमाप्रमाणे १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. न केल्यास विकणारा म्हणतो माझे वाहन नाही, कंपनी म्हणते तुमची पॉलिसी नाही.

नकाराचे पत्र आल्यावर

नकार लेखी आणि कारणासह मागावा. फोनवरचा नकार हा नकार नव्हे. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार कागदपत्रांच्या अभावाचे कारण पुढे करून कंपनीला दावा नाकारता येत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पहिली तक्रार जाते. ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. नकारानंतर एका वर्षाची मुदत, ५० लाखांची मर्यादा, शुल्क नाही, वकीलही लागत नाही. कर्नाटकासाठी लोकपालाचे कार्यालय बेंगळुरूत आहे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

ग्राहक आयोग हा दुसरा मार्ग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने इथे सीमेची अडचण बरीच सैल केली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाणगापुरातून गेलेल्या मोटारीची तक्रार गोव्यातच आणि दुधनीतून गेलेल्या ट्रॅक्टरची कलबुर्गीत. अधिकारक्षेत्र आणि शुल्क आता भरलेल्या रकमेवरून, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरून ठरते. त्यामुळे ५ लाखांच्या आतील हप्त्याच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पोलिसांच्या अहवालाची वाट पाहण्यातच ही मुदत सरते, हे मात्र वारंवार घडते. अहवाल आला नसला तरी नकाराचे पत्र हाती पडताच दिवस मोजायला सुरुवात करावी.

आणि वाहन सापडले तर? पैसे मिळण्याआधी सापडल्यास ते न्यायालयाच्या आदेशाने हमीपत्रावर मालकाला परत मिळते आणि झालेल्या नुकसानीचा दावा त्याच पॉलिसीखाली करता येतो. पैसे मिळाल्यानंतर सापडल्यास वाहन कंपनीचे; दावा निकाली निघताना मालकाने सही केलेल्या हस्तांतराच्या अर्जांचा आणि हक्कपत्राचा उपयोग तेव्हाच होतो. पोलिसांचा फोन आला म्हणून परस्पर ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्याला कंपनीची नोटीस येऊ शकते. आधी कंपनीला कळवावे, मगच स्थानकात जावे.